पाळी जायच्या वयात गर्भपिशवी काढायची घाई कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१८ ऑक्टोबर हा जागतिक रजोनिवृत्ती दिन. त्या निमित्ताने शहरांत व्याख्यानं होतात. पण जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेड्यांत पंचेचाळिशीच्या बाईला पाळीचा त्रास सुरू झाला, की आजही तिच्या कानावर दोनच वाक्यं पडतात. घरचे म्हणतात, ‘या वयात असं होतंच, सहन कर.’ आणि शेजारीण म्हणते, ‘पिशवी खराब झाली असेल, काढून टाक, सुटशील.’ सहन करणं आणि काढून टाकणं यांच्या मधे करता येण्यासारखं बरंच आहे. त्यातलं बहुतेक स्वस्त आहे आणि ग्रामीण रुग्णालयापासून जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत कुठे ना कुठे मिळतं. ते बायकांपर्यंत आणि त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे पाळी गेली. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. चाळिशीच्या आत गेली तर ते लवकर गेलं असं समजून तपासणी करायलाच हवी. खरा गोंधळ असतो तो पाळी जाण्याआधीच्या चार-पाच वर्षांत. या काळात अंडाशयातून दर महिन्याला बीज सुटेलच असं नसतं. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तयार होत नाही. मग इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक एकटंच पिशवीचं अस्तर वाढवत राहतं, आणि दीड-दोन महिन्यांनी ते जाड झालेलं अस्तर एकदम, गाठींसकट पडतं. इतकं अंगावरून गेलेलं पाहून बाई घाबरते. तिला वाटतं पिशवी आतून सडली. खरं तर पुष्कळदा पिशवी धड असते, तिला मिळणाऱ्या संप्रेरकांचा ताल बिघडलेला असतो.

म्हणून पहिली गोष्ट, किती जातं ते मोजा. ‘खूप जातं’ एवढ्यावर कोणत्याही डॉक्टरला नेमका निर्णय घेता येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या प्रत्येक दिवशी किती पॅड किंवा घड्या बदलल्या तो आकडा लिहा, पूर्ण भिजलेल्याला गोल करा, गाठी पडल्या तर फुली मारा. अक्षर येत नसेल तर रेघा ओढा, शाळेत जाणारी मुलगी किंवा सून मदत करील. सात दिवसांपेक्षा जास्त दिवस जाणं, तासाला एक पॅड भिजणं, रात्री उठून बदलावं लागणं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणं, ही जास्त जाण्याची लक्षणं. अशी तीन महिन्यांची नोंद घेऊन गेलेल्या बाईची तपासणी नेमकी होते. मात्र सलग दोन तास, तासाला एक पॅड भिजत असेल किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर नोंद करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तिथे काय तपासावं? रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर आणि रक्तदाब. पाळी चुकली असेल तर लघवीची गर्भ-तपासणीही, कारण पाळी मागेपुढे होत असली तरी दिवस राहू शकतात. ज्यांची नसबंदी झालेली नाही त्यांनी पन्नाशीच्या आत पाळी गेली तर दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यावी. तांबी बसवलेली असेल तर ते आठवणीने सांगा. तांबीनेही जास्त जातं, आणि बसवून दहा वर्षं झालेली तांबी कित्येक बायका विसरून गेलेल्या असतात. त्यानंतर आतून तपासणी आणि सोनोग्राफी. वय ४५ च्या पुढे असेल, किंवा वजन, मधुमेह, बरीच वर्षं अनियमित पाळी अशी जोखीम असेल, तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला हवा. एक बारीक नळी आत घालून हा तुकडा बहुधा भूल न देताच काही मिनिटांत घेता येतो. कळ येते, पण टाके नाहीत, मुक्काम नाही. जास्त जातं म्हणून पिशवी काढायला सांगितली असेल आणि या तुकड्याचा अहवाल फायलीत नसेल, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी तो मागा.

सोनोग्राफीच्या कागदाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण भीतीची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. कागद इंग्रजीत, घरात वाचणारा कॉलेजातला मुलगा, आणि त्यातले दोन शब्द मोबाइलवर शोधून झाले की घरभर रडारड. ‘बल्की युटेरस’ म्हणजे पिशवी थोडी मोठी. साधारण पिशवी आठ सेंटीमीटर लांब, पाच रुंद आणि चार जाड असते. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची त्याहून थोडी मोठी असणं हा आजार नव्हे. ‘नाबोथियन सिस्ट’ म्हणजे पिशवीच्या तोंडाशी असलेल्या पाण्याच्या बारीक फोडी. त्या निरुपद्रवी असतात, त्यांना औषधही लागत नाही. पाळी चालू असलेल्या बाईच्या अस्तराची जाडी महिनाभर बदलत असते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ती बारा-चौदा मिलिमीटर भरली तर त्यात नवल नाही. म्हणून सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली ते कागदावर लिहून घ्या. अंडाशयावर पाच सेंटीमीटरपेक्षा लहान, आत नुसतं पाणी असलेली गाठ दिसली, तर पाळी चालू असलेल्या बाईत ती बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. तेव्हा पुन्हा सोनोग्राफी करून बघायचं असतं. पांढरं जाणं आणि कंबर दुखणं ही दोन कारणं तर पिशवी काढायला कधीच पुरेशी नाहीत. पांढरं जाणं पुष्कळदा जंतुसंसर्गाने असतं, त्याला गोळ्या आहेत. कंबर तर बारा महिने कापूस वेचणाऱ्या, केळीचे घड वाहणाऱ्या बाईची दुखणारच. पिशवी काढल्यावरही ती दुखत राहते, आणि मग बाई म्हणते, ‘पिशवी काढली तरी दुखणं काही गेलं नाही.’

उपचारांची सुरुवात गोळ्यांनी व्हावी. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत घ्यायचं असतं. नेहमीचं प्रमाण ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, चार-पाच दिवसांपलीकडे नाही. पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर हे घेऊ नये. अस्तर ताळ्यावर आणायला प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आहेत. त्या ठरलेल्या दिवसांपुरत्या घ्यायच्या आणि थांबवल्यावर पाळी येऊ द्यायची. इथे नेहमी होणारी चूक अशी, की गोळी सुरू केल्यावर रक्त थांबलं की बाई दुसऱ्याच दिवशी ती सोडते आणि पुन्हा जोरात जायला लागतं. मग ‘गोळ्या लागू पडल्या नाहीत’ असं ठरतं. तिसरा उपाय म्हणजे हार्मोनची तांबी. ती पिशवीत बसवतात आणि किमान पाच वर्षं काम देते. रक्तस्राव ती फार मोठ्या प्रमाणात कमी करते, अनेकींची पाळी अगदी नावापुरती उरते. पण पहिले तीन ते सहा महिने डाग पडत राहतात, हे आधी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्याच महिन्यात येऊन ती काढून घेते. पिशवीतल्या मांसल गाठी, म्हणजे फायब्रॉइड, पाळी गेल्यावर सहसा आकसतात. गाठ लहान असेल, त्रास झेपण्यासारखा असेल आणि बाई ४७-४८ ची असेल, तर थांबणं हाही उपचारच आहे.

हे चालू असताना रक्त भरून काढायला विसरू नका. हिमोग्लोबिन बाराच्या खाली म्हणजे रक्त कमी, आठच्या खाली म्हणजे फारच कमी. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांपासून तिला दोन तास लांब ठेवा. शौचाला काळं होतं त्याला घाबरू नका. रक्त बारावर आल्यावरही तीन महिने गोळी चालू ठेवायची असते, कारण शरीरातला साठा भरायचा असतो. गोळीने पोटात मळमळत असेल तर ती जेवणानंतर घ्या, पण सोडू नका. गोळीने भागत नसेल तर शिरेतून लोह देता येतं.

पिशवी काढणं कधी योग्य? कर्करोग असेल, अस्तरात कर्करोगाकडे झुकलेला बदल दिसला असेल, गाठी मोठ्या असून मूत्राशयावर किंवा आतड्यांवर दाब येत असेल, अंग (म्हणजे पिशवी) पूर्ण बाहेर आलं असेल, किंवा औषधं आणि हार्मोनची तांबी मनापासून करून पाहूनही रक्त थांबत नसेल. अशा वेळी ही शस्त्रक्रिया वरदान आहे, तिला घाबरून टाळू नये. आमची तक्रार एवढीच, की मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून बाईला थेट टेबलावर नेलं जातं.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न विधान परिषदेत गाजला. तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारनेच तेव्हा सभागृहात सांगितलं. आपल्या भागातूनही दिवाळीनंतर कोयत्याच्या टोळ्या निघतात. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातून दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे, तर काही पश्चिम महाराष्ट्राकडे. उचल घेतलेली, फडात आडोसा नाही, पाण्याची वानवा, पाळीच्या दिवशीही मोळ्या डोक्यावर. अशा बाईला ‘एकदाची पिशवी काढली की कटकट गेली’ हे पटणं अगदी समजण्यासारखं आहे. तिला दोष देऊन काय होणार? केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या हा त्यातला महत्त्वाचा भाग. या समित्यांपुढे सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांतले आकडे यायला हवेत.

आता सर्वांत जास्त दुर्लक्षित मुद्दा, अंडाशयांचा. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले, की ज्या बदलाला शरीर चार-पाच वर्षं घेतं तो रातोरात होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अंगात वाफा, झोप नाही, आणि पुढे हाडं आणि हृदय दोन्हींची जोखीम वाढलेली. अंडाशय ठेवले तरी नुसती पिशवी काढल्यानंतर ते काहीसे लवकर थकतात. घरात कर्करोगाचा इतिहास नसेल आणि अंडाशय निरोगी असतील, तर पाळी न गेलेल्या बाईचे ते ठेवावेत. म्हणून संमतीच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी मुलीने किंवा सुनेने एकच प्रश्न स्पष्ट विचारावा, ‘डॉक्टरसाहेब, आईचे अंडाशय ठेवणार की काढणार, आणि काढणार तर का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर पाहा. टीएएच म्हणजे पोटातून पिशवी काढली. त्यापुढे बीएसओ लिहिलं असेल तर दोन्ही अंडाशय आणि नळ्याही काढल्या. तसं लिहिलेलं नसेल तरी विचारून मराठीत लिहून घ्या. पिशवीचं तोंड ठेवलं आहे का, हेही विचारा, कारण ठेवलं असेल तर तोंडाच्या कर्करोगाची तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. काढलेली पिशवी फॉर्मालिनमध्ये घालून प्रयोगशाळेत गेली पाहिजे आणि तिचा अहवाल साधारण दोन आठवड्यांत हातात आला पाहिजे. टाके काढायला गेलात की तो मागा. नुसतं बरणीत दाखवलं म्हणजे तपासणी झाली असं नव्हे. ही तीन कागदं, कार्ड, तुकड्याचा अहवाल आणि पिशवीचा अहवाल, रेशन कार्डाइतकी जपून ठेवा. दहा वर्षांनी पोटात काही दुखलं तर त्यांच्याशिवाय डॉक्टर अंदाजच करत बसतो. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय गेलेल्या बाईला, काही आडकाठी नसेल तर, निदान पन्नाशीपर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला दिला जातो. हे तिला कुणीतरी सांगायला हवं. आज ते सांगितलंच जात नाही.

याच्या बरोबर उलट चूक पाळी गेल्यानंतर होते. वर्षभर पाळी नाही आणि मग एक दिवस डाग पडला, तर घरात म्हणतात, ‘पुन्हा पाळी आली, अंगात ताकद आहे अजून.’ नाही. पाळी गेल्यानंतर दिसलेला एक थेंबसुद्धा तपासून घ्यायचा. अशा दहांतल्या साधारण नऊ जणींमध्ये कारण साधं निघतं, योनीचा कोरडेपणा किंवा अस्तरातला छोटा कोंब. पण साधारण दहावीत अस्तराचा कर्करोग असू शकतो, आणि तो इतक्या लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. सोनोग्राफीत अस्तर चार मिलिमीटर किंवा कमी असेल तर बहुधा काळजी नसते, त्याहून जास्त असेल तर तुकडा तपासायचा. पातळ अस्तर असूनही पुन्हा डाग पडला तरी तुकडा तपासायचाच. जिथे घाई करायची तिथे आपण थांबतो आणि जिथे थांबायचं तिथे घाई करतो, हे बदलायला हवं.

पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठी आयुष्मान आरोग्य मंदिरात (सरकारी आरोग्य केंद्रात) ३० ते ६५ वयाच्या बायकांची व्हिनेगरसारख्या द्रवाने तपासणी होते. तिला व्हीआयए म्हणतात, दर पाच वर्षांनी ती करायची. पण पाळी गेल्यानंतर पिशवीच्या तोंडावरचा जो भाग पाहायचा तो आत सरकतो, म्हणून त्या वयात व्हीआयएपेक्षा पॅप (तिथल्या पेशींची) किंवा एचपीव्ही (विषाणूची) तपासणी अधिक भरवशाची. पन्नाशीच्या बाईला ‘व्हीआयए ठीक आहे’ एवढं सांगून परत पाठवू नये.

एक खास आपल्याकडची गोष्ट. श्रावणात घरोघरी कानबाई ही देवी बसते, चैत्रात सप्तशृंगी गडाची पायी वारी असते, आणि पाळी आड येऊ नये म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणल्या जातात. या नॉरेथिस्टेरॉनच्या गोळ्या. पाळीच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीनदा घ्यायच्या, थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी पाळी येते. तरुण, नियमित पाळीच्या बाईचं यात सहसा बिघडत नाही. पण पंचेचाळिशीत पाळी कधी येणार हेच माहीत नसतं, त्यामुळे ‘तीन दिवस आधी’ मोजायचे कुठून? मग वीस-पंचवीस दिवस गोळ्या चालतात, मधेच डाग पडतात, आणि थांबवल्यावर जोराने जातं. खऱ्या आजाराचं लक्षणही त्यात झाकलं जातं. गुठळीचा, स्तनाच्या कर्करोगाचा किंवा यकृताचा आजार असलेल्या बाईला तर त्या धोक्याच्या. या वयात सणासाठी गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि घरातल्या जाणत्या बायकांनीच कानबाईच्या वेळी हे बंधन सैल केलं, तर ते सगळ्यांत उत्तम औषध होईल असं आम्हाला मनापासून वाटतं.

अंगात वाफा येण्याबद्दल. छातीतून उष्णता वर चढते, मान-चेहरा लाल होतो, घाम फुटतो, दोन-चार मिनिटांत ओसरतं आणि मग थंडी वाजते. हे वर्षानुवर्षं चालू शकतं, सरासरी सात वर्षं. भुसावळ-जळगावचा पारा एप्रिल-मे मध्ये पंचेचाळीसच्या घरात असताना वाफ आणि उष्माघात यांत गल्लत होते. ती जिवावर बेतू शकते. वाफ मिनिटांत ओसरते आणि बाई शुद्धीवर, नीट बोलणारी असते. उष्माघातात अंग तापतच राहतं, ताप १०४ फॅरनहाइटच्या पुढे जातो, बोलणं असंबद्ध होतं, चालताना झोक जातो. तिथे ‘पाळी जायची आहे म्हणून’ असं म्हणून थांबायचं नाही. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा.

वाफा कमी करायला साध्या गोष्टी उपयोगी पडतात. नायलॉनऐवजी सुती लुगडं किंवा सुती गाऊन, मानेमागे ओला पंचा, माठाचं पाणी उशाशी. संध्याकाळचा चहा आणि रात्रीचं काळ्या मसाल्याचं झणझणीत कालवण काही जणींना त्रास देतं. सगळ्यांना नाही, म्हणून आठ दिवस बंद करून बघा आणि फरक पडला तरच सोडा, उगाच आवडीच्या शेवभाजीवर पाणी सोडू नका. एवढ्याने झोप येत नसेल तर औषधं आहेत. हार्मोन सगळ्यांत परिणामकारक. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील तर निरोगी बाईला ते सहसा सुरक्षित असतं. पिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, नाहीतर अस्तर वाढून कर्करोगाचा धोका. स्तनाचा कर्करोग, गुठळी, हृदयविकार, अर्धांगवायू, यकृताचा आजार किंवा न तपासलेला रक्तस्राव असेल तर हार्मोन नको. त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत. ‘गरम पडतं’ म्हणून शेजारणीच्या गोळ्या घेणं यात बसत नाही.

लघवीची जळजळ हा न बोलला जाणारा त्रास. इस्ट्रोजेन कमी झालं की योनी आणि लघवीच्या वाटेची कातडी पातळ, कोरडी होते. संबंधाच्या वेळी दुखतं, वारंवार लघवी लागते, जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा होतो. त्यात शेतात आडोसा नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दरवेळी अँटिबायोटिकचा कोर्स घेण्याआधी लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) करा. जंतू नसतील तर कोरडेपणा हेच कारण असू शकतं. त्यासाठी इस्ट्रोजेनचं मलम मिळतं, साधारण दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा. ते अंगात फारच थोडं मुरतं. साबण, डेटॉल किंवा तुरटीने आतून धुऊ नका, त्याने कोरडेपणा वाढतो.

खोकताना लघवी होणं, अंग खाली आल्यासारखं वाटणं, यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आहे. चारचौघांत वायू अडवून धरतो तसं आत ओढायचं, पाच सेकंद धरायचं, पाच सेकंद सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. चूक होते ती श्वास कोंडण्याची आणि कुंथण्याची. कुंथलं तर अंग आणखी खाली येतं. पोटावर हात ठेवा, पोट कडक झालं तर चुकतंय. अंग बाहेर येत असेल आणि शस्त्रक्रिया नको असेल तर रबरी किंवा सिलिकॉनची रिंग बसवता येते, ती मधूनमधून काढून धुवावी लागते.

हाडांचं नुकसान पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत सगळ्यांत जास्त होतं आणि ते दुखत नाही. पहिली खूण म्हणजे ओल्या अंगणात घसरून हात टेकला आणि मनगट मोडलं. या वयात रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ज्वारीच्या भाकरीत ते फार कमी असतं, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरीही एकटी पुरी पडत नाही. सातपुड्यातली नागली (नाचणी) मात्र सोन्यासारखी, शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. दिवसाला दोन नागलीच्या भाकरी, दोन पेले दूध किंवा दही, एक मोठा चमचा तीळ आणि वाटीभर शेवग्याच्या पाल्याची भाजी, एवढ्यात हिशेब जवळपास पुरा होतो. गोळी घ्यायची तर एका वेळी ५०० मिलिग्रॅम, जेवणाबरोबर. थायरॉइडची गोळी चालू असेल तर मधे चार तास जाऊ द्या. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, सांगितलेले आठवडेच घ्यायची. कुणाच्या सांगण्यावरून वर्षभर घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंड बिघडतं. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या मात्र आजच बंद करा. अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड असतं, चार दिवसांत गुडघा मोकळा होतो आणि दोन वर्षांत हाड पोकळ.

चिडचिड, रडू येणं, कशातच मन न लागणं हेही या बदलाचा भाग असू शकतं. त्याला बाहेरची बाधा म्हणून उतारे करण्याआधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

प्रशासनाकडे आमच्या मोजक्या मागण्या आहेत. कोयत्याच्या टोळ्या निघण्याआधी नवरात्राच्या आसपास आणि त्या परतल्यावर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास चाळिशीपुढच्या बायकांसाठी गावात शिबिर व्हावं. माहेरवाशिणी तेव्हा गावातच असतात, त्यांच्यापाशी त्यांच्या आया बोलत्या होतात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस या वयाच्या बायकांसाठी ठेवावा आणि अस्तराचा तुकडा घेण्याची नळी तिथे असावी. आशाताईंच्या नोंदवहीत बाळंतपण आणि लसीकरणाइतकीच पाळी गेलेल्या बाईसाठी एक ओळ असावी, वय, शेवटची पाळी, नंतर डाग पडला का. आणि पिशवीची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक बाईच्या कार्डावर, रुग्णालय सरकारी असो की खासगी, मराठीत छापलेल्या तीन ओळी असाव्यात: पिशवी का काढली, अंडाशय ठेवले की काढले, आणि तपासणीचा अहवाल कधी, कुठे मिळेल.

आपले,
खान्देशातील ग्रामीण आरोग्यसेवेत काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका